पाच जणांची भिंत : न घडलेल्या गोष्टीचे मोजमाप

काही कामे अशी असतात की ती उत्तम झाली तर काहीच घडत नाही. रेल्वेचे रूळ तपासणारा गँगमन आपले काम चोख करीत असेल तर गाडी रोजच्यासारखी पोचते आणि गँगमनची आठवण कोणालाच येत नाही. लस टोचलेले मूल आजारी पडत नाही आणि आजार न झाल्याबद्दल लसीचे आभार मानायला कोणी जात नाही. अशा कामाची परीक्षा कशी करायची? अपघात मोजता येतो. टळलेला अपघात कसा मोजणार?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपण या लेखात एक दूरचे उदाहरण घेणार आहोत. ते आहे अमेरिकन फुटबॉलचे. हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही आणि तो आवडावा अशी आमची अटही नाही. पण त्यात एक सोय आहे. प्रत्येक डाव काही सेकंदांत संपतो, त्याची नोंद होते आणि एका मोसमात असे शेकडो डाव होतात. शिवाय या खेळात पाच गडी असे असतात की ज्यांचे मुख्य काम म्हणजे काहीतरी घडू न देणे. त्या पाच जणांचे मोजमाप करता करता तिथल्या अभ्यासकांना संख्याशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक मूलभूत अडचणीशी गाठ घालावी लागली. त्याच अडचणी आपल्याला वर्गात, दवाखान्यात आणि कारखान्यात भेटतात.

खेळ थोडक्यात

नावात फुटबॉल असला तरी हा खेळ मुख्यतः हाताने खेळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. मैदान १०० यार्ड लांब. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्या संघाला चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे जायचे असते; ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. पुढे जाण्याचे दोन मार्ग: चेंडू घेऊन पळणे किंवा पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे तो फेकणे. फेकण्याचे काम क्वार्टरबॅक नावाचा गडी करतो.

चेंडू हाती आल्यावर क्वार्टरबॅक काही पावले मागे सरतो आणि कोणता साथीदार मोकळा आहे ते पाहतो. याला साधारण अडीच-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात समोरचे चार, कधी पाच-सहा धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येतात. चेंडू सुटण्यापूर्वी त्यांनी त्याला मागच्या मागे जमिनीवर लोळवले तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. संघ काही यार्ड मागे जातो आणि एक प्रयत्न वाया जातो.

हे होऊ नये म्हणून क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची रांग उभी असते: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. हिला ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आक्रमक संघाची रांग, असे म्हणतात. नावात आक्रमण आहे, पण चेंडू फेकला जात असताना तिचे काम राखणीचे असते. या लेखात आपण तिला ‘भिंत’ म्हणू.

राखण फसली तर काय होते? १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने पाडले, तेव्हा थाइझमनच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. सामना दूरचित्रवाणीवर देशभर दाखवला जात होता. थाइझमन पुन्हा कधी खेळला नाही. भिंत चांगली की वाईट, हा प्रश्न असा हाडामासाचा आहे. पाच माणसांची नोकरी आणि सहाव्याचे शरीर त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

पहिली मोजणी: किती वेळा पडला?

फेकणाऱ्याने किती चेंडू अचूक फेकले, झेलणाऱ्याने किती झेलले, पळणारा किती यार्ड पळाला, हे सारे धावफलकावर येते. भिंतीतील गड्याच्या नावापुढे मात्र काहीच येत नाही. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावर घेतले जाते ते बहुधा त्याने नियमभंग केल्यावर, उदाहरणार्थ समोरच्याला हाताने धरून ठेवल्यावर. त्यामुळे भिंतीची पहिली परीक्षा आडवाटेने झाली: क्वार्टरबॅक किती वेळा पाडला गेला ते मोजा. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, पाडणाऱ्या गड्यांच्या नावावर सॅक अधिकृतपणे मांडायला १९८२ मध्ये सुरुवात केली. ज्यांनी भिंत फोडली त्यांचे नाव लागले. ज्यांनी ती राखली त्यांचे नाव लागले नाही.

ही मोजणी सोपी आहे, पण तिच्यात पहिलाच खड्डा आहे. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम मोसमात ७२ वेळा पाडला गेला. २००२ मध्ये ह्यूस्टनचा डेव्हिड कार ७६ वेळा पाडला गेला आणि तो विक्रम झाला. दोघांची अवस्था जवळपास सारखीच होती असे आकडे सांगतात. पण कारने त्या मोसमात ४४४ चेंडू फेकले होते आणि कनिंगहॅमने फक्त २०९. फेकायला गेला आणि एकतर चेंडू सुटला किंवा तो पडला, अशा सर्व प्रसंगांची बेरीज छेदात घेऊ:

कार: ७६ ÷ (४४४ + ७६) = १४.६ टक्के
कनिंगहॅम: ७२ ÷ (२०९ + ७२) = २५.६ टक्के

म्हणजे कार दर सात प्रसंगांमागे एकदा पडला, तर कनिंगहॅम दर चार प्रसंगांमागे एकदा. एनएफएलमध्ये हे प्रमाण सर्वसाधारणपणे सहा-सात टक्के असते, म्हणजे दोघांचीही स्थिती वाईटच. पण ती सारखी मुळीच नव्हती. अंश सगळ्यांना दिसतो. छेद शोधावा लागतो.

शिक्षकांना छेदाचे महत्त्व नव्याने सांगायला नको. एखाद्या शाळेने कच्च्या विद्यार्थ्यांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवले तर दहावीचा निकाल लगेच वर जातो. पोरे तेवढीच शिकली. छेद मात्र बदलला.

दोष भिंतीचा की माणसाचा?

आता दुसरा प्रश्न. क्वार्टरबॅक पडला म्हणजे भिंत फुटली असेच ना? तसे नाही. चेंडू लवकर सोडणारा क्वार्टरबॅक कच्च्या भिंतीमागेही उभा राहतो. चेंडू धरून संधीची वाट पाहणारा पक्क्या भिंतीमागेही पडतो. एकाच संख्येत दोन कारणे मिसळलेली आहेत. ती वेगळी कशी करायची?

प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलतो. मैदानावर तसे मुद्दाम करता येत नाही, पण कधीकधी ते आपोआप घडते. पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये तो इंडियानापोलिसकडून खेळला, ६७९ चेंडू फेकले आणि १६ वेळा पडला: २.३ टक्के. मानेच्या दुखण्यामुळे २०११ चा मोसम त्याला खेळता आला नाही. २०१२ मध्ये तो डेन्व्हरला गेला. तेथे ५८३ चेंडू फेकले, २१ वेळा पडला: ३.५ टक्के. भिंत पूर्णपणे बदलली, तरी प्रमाण नेहमीच्या सहा-सात टक्क्यांच्या बरेच खाली राहिले.

हेच उलट्या बाजूने पाहू. आदल्या वर्षी, २०११ मध्ये, डेन्व्हरसाठी टिम टिबोने २७१ चेंडू फेकले आणि तो ३३ वेळा पडला: १०.९ टक्के. त्या भिंतीतील निदान तीन गडी २०१२ मध्येही तेच होते. मग ती भिंत एका वर्षात तिप्पट सुधारली म्हणायचे का? त्यापेक्षा सरळ अर्थ असा की सॅकच्या आकड्यात क्वार्टरबॅकच्या सवयीचा वाटा मोठा आहे. मॅनिंग समोरची मांडणी आधीच वाचून चेंडू झटकन सोडत असे. टिबो तो धरून पळण्याची वाट शोधत असे.

१९८६ चे फिलाडेल्फिया

याहून चांगला प्रयोग म्हणजे एकच भिंत, एकच मोसम आणि दोन क्वार्टरबॅक. तसे १९८६ मध्ये फिलाडेल्फियात घडले. त्या वर्षी या संघाचे क्वार्टरबॅक मिळून १०४ वेळा पाडले गेले. एका मोसमातला हा विक्रम अजून मोडलेला नाही. यांपैकी ७२ वेळा कनिंगहॅम पडला. उरलेले ३२ सॅक अनुभवी रॉन जॉवर्स्की आणि इतरांच्या वाट्याला आले. त्यांनी मिळून सुमारे ३०० चेंडू फेकले होते. त्यांचे प्रमाण ३२ ÷ ३३२, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत येते. कनिंगहॅमचे २५.६.

भिंत तीच. मग निष्कर्ष उघड दिसतो: दोष कनिंगहॅमचा. तो तरुण होता, दुसराच मोसम खेळत होता, चपळ होता आणि चेंडू धरून इकडेतिकडे पळून संधी शोधण्याची त्याला सवय होती. हे सारे खरे आहे.

पण थोडे थांबा. त्या वर्षी नव्याने आलेला प्रशिक्षक बडी रायन याने मोसमाच्या सुरुवातीला एक वेगळीच पद्धत ठेवली होती. पहिल्या आणि दुसऱ्या डाऊनला जॉवर्स्की खेळायचा. तिसरा डाऊन आला आणि अजून बरेच यार्ड बाकी असले की कनिंगहॅमला मैदानात धाडले जाई. या वेळी संघाला चेंडू फेकण्यावाचून गत्यंतर नसते आणि ते समोरच्यांनाही ठाऊक असते. पळणाऱ्याला अडवण्याची चिंता सोडून ते सगळे बळ क्वार्टरबॅकवर धावून जाण्यात लावतात. शिवाय लांब फेक करायची म्हणजे चेंडू जास्त वेळ हातात ठेवावा लागतो. थोडक्यात, अवघड प्रश्न सगळे एकाच विद्यार्थ्याला दिले आणि मग गुणांची तुलना केली, असा हा प्रकार होता.

म्हणजे २५.६ आणि ९.६ यांतील फरकात तीन गोष्टी मिसळल्या आहेत: क्वार्टरबॅकची सवय, त्याच्या वाट्याला आलेले प्रसंग आणि अर्थात दोघांनाही समान असलेली कच्ची भिंत. यांतील प्रसंगांचा वाटा काढून टाकायचा तर तुलना सारख्या प्रसंगांचीच करायला हवी: तिसऱ्या डाऊनची तिसऱ्या डाऊनशी, पहिल्याची पहिल्याशी. म्हणून आजचे विश्लेषक सॅकचे प्रमाण काढताना कितवा डाऊन होता, किती यार्ड बाकी होते आणि समोरचा संघ किती तगडा होता, हे पाहून आकड्यात दुरुस्ती करतात. आपोआप घडलेल्या प्रयोगात आधी हे विचारावे की कोणाच्या वाट्याला काय आले ते कोणी ठरवले. चिठ्ठ्या टाकून ठरले असेल तर ठीक. कोणी विचारपूर्वक ठरवले असेल तर त्या विचाराचाही हिशेब धरावा लागतो.

योगायोगाचा वाटा

समजा हे सारे केले. तरीही एक शत्रू उरतो: नशीब. एक संघ मोसमात साधारण ६०० वेळा चेंडू फेकायला जातो असे धरू. भिंत अगदी सरासरी दर्जाची असेल आणि प्रत्येक वेळी सॅक होण्याची संभाव्यता ६.५ टक्के असेल, तर अपेक्षित सॅक ३९. प्रत्यक्षात नेमके ३९ येतील का? नाणे शंभर वेळा उडवले तर नेमके ५० छापे येतीलच असे नाही, तसेच हे. या चढउताराचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते ६०० × ०.०६५ × ०.९३५ या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.

याचा अर्थ, भिंतीच्या दर्जात काहीही फरक न पडता एका मोसमात २७ सॅक होऊ शकतात आणि पुढच्या मोसमात ५१. पहिल्या वर्षी वर्तमानपत्रे भिंतीची वाहवा करतील, दुसऱ्या वर्षी कोणाची तरी नोकरी जाईल. दोन्ही वेळा भिंत तीच असू शकते.

यावर उपाय काय? जास्त वेळा घडणारी गोष्ट मोजा. सॅक होतो क्वचित, पण क्वार्टरबॅकला धक्का बसणे, घाईने चेंडू सोडावा लागणे, जागा सोडून पळावे लागणे या गोष्टी कितीतरी अधिक वेळा घडतात. या सगळ्यांना मिळून ‘दबाव’ म्हणू. समजा ६०० पैकी ३० टक्के वेळा दबाव येतो. अपेक्षित संख्या १८०, प्रमाण विचलन सुमारे ११. सॅकच्या बाबतीत विचलन अपेक्षित संख्येच्या १५ टक्के होते. दबावाच्या बाबतीत ते ६ टक्के आहे. म्हणजे तेवढ्याच सामन्यांतून अडीचपट स्थिर माप मिळाले. मात्र याची किंमतही आहे. सॅक झाला की नाही यावर वाद होत नाही. दबाव आला की नाही, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. स्थिरता मिळवताना आपण काटेकोरपणा थोडा गमावला.

घड्याळ हाती घेऊन

भिंत फुटली की नाही, एवढेच विचारणे अपुरे आहे. कोणतीही भिंत दहा सेकंद टिकत नाही. खरा प्रश्न असा: ती किती वेळ टिकली? समजा आपण दहा डाव पाहिले आणि प्रत्येकाचा वेळ सेकंदांत लिहिला. ही उदाहरणादाखल घेतलेली संख्या आहे:

१.८ – फुटली
२.१ – चेंडू सुटला
२.२ – चेंडू सुटला
२.४ – फुटली
२.५ – चेंडू सुटला
२.६ – चेंडू सुटला
२.९ – फुटली
३.० – चेंडू सुटला
३.३ – फुटली
३.६ – चेंडू सुटला

ही भिंत ३ सेकंद टिकण्याची शक्यता किती? एक जण म्हणेल, तीन सेकंदांच्या आत ती दहापैकी तीनदाच फुटली, म्हणून उत्तर ७० टक्के. पण २.१ सेकंदाला चेंडू सुटला त्या डावात भिंत पुढे टिकली असती की नाही, हे कोणी पाहिले? त्या डावाला यशात धरणे हे भिंतीला फुकटचे श्रेय देणे झाले. दुसरा म्हणेल, मग तीन सेकंदांपूर्वी चेंडू सुटलेले चार डाव गाळून टाका. उरले सहा, त्यांत तीन फुटले, तीन टिकले. उत्तर ५० टक्के. पण हाही अन्याय आहे. २.६ सेकंदाला चेंडू सुटला, तोपर्यंत तरी भिंत टिकली होती. ती माहिती आपण टाकून दिली.

ही अडचण वैद्यकशास्त्रात जुनी आहे. औषध घेणारे रुग्ण किती वर्षे जगतात हे पाहताना काही रुग्ण गाव सोडून जातात, तर काही अभ्यास संपेपर्यंत हयात असतात. त्यांना मृतांत धरायचे की जिवंतांत? एडवर्ड कॅपलान आणि पॉल मायर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेली रीत यावर वापरतात. ती आठवी-नववीच्या मुलालाही समजेल. जेव्हा जेव्हा भिंत फुटते, तेव्हा त्या क्षणापर्यंत किती डाव चालू होते एवढेच विचारायचे.

१.८ सेकंदाला दहा डाव चालू होते, एक फुटला. टिकण्याचे प्रमाण ९/१०.
२.४ सेकंदाला सात चालू होते, एक फुटला. प्रमाण ६/७.
२.९ सेकंदाला चार चालू होते, एक फुटला. प्रमाण ३/४.

आता गुणाकार: ९/१० × ६/७ × ३/४ = ०.५८. म्हणजे भिंत ३ सेकंद टिकण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के. ७० आणि ५० या दोन्ही चुकीच्या उत्तरांच्या मधले हे उत्तर आहे आणि ते काढताना आपण एकही निरीक्षण फेकून दिले नाही किंवा कोणाला फुकटचे श्रेयही दिले नाही.

तरीही या रीतीत एक गृहीत धरलेले आहे आणि ते मुलांना जरूर सांगावे. चेंडू कधी सुटला याचा भिंतीच्या अवस्थेशी संबंध नाही, असे आपण मानले. प्रत्यक्षात भिंत कोसळू लागलेली दिसते म्हणूनच क्वार्टरबॅक घाईने चेंडू सोडतो. अशा वेळी ‘चेंडू सुटला’ ही नोंद म्हणजे झाकलेले अपयश असते आणि ५८ हा आकडा भिंतीला झुकते माप देतो. रुग्णालयातही असेच होते. तब्येत बिघडली म्हणून रुग्ण अभ्यास सोडून गेला असेल तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसते. गणित बरोबर असते. गैरहजर कोण आणि का, हे तपासायचे राहिलेले असते.

पाच जण, एक भिंत

भिंत पाच जणांची आहे. पाचांपैकी प्रत्येक जण १०० पैकी ९० वेळा आपल्या समोरच्याला अडवतो असे समजा. नव्वद टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य! पण क्वार्टरबॅक सुरक्षित राहायला पाचही जण एकाच वेळी यशस्वी व्हावे लागतात. ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरले तर ०.९ चा पाच वेळा गुणाकार करायचा. उत्तर ०.५९. प्रत्येक जण ९५ टक्क्यांचा असेल तर ०.७७. गणपतीतल्या दिव्यांच्या जुन्या माळेत दिवे एकसर जोडलेले असत. एक गेला की सगळी माळ विझे. भिंतीची जोडणी तशीच एकसर आहे.

प्रत्यक्षात ते पूर्णपणे स्वतंत्र नसतात. एक गडी कच्चा असला तर प्रशिक्षक शेजारच्याला त्याच्या मदतीला देतो किंवा एक जादा गडी मागे ठेवतो. मग त्या कच्च्या गड्याच्या समोरून सॅक होत नाहीत आणि त्याचा आकडा छान दिसतो. मदत न मागणाऱ्या पक्क्या गड्याला मात्र एकट्याला झुंजावे लागते आणि त्याच्या नावावर एखाददुसरे अपयश लागते. आकड्यांकडे पाहून कोण पक्का ते ठरवले तर उलटेच उत्तर येण्याची भीती असते.

डोळे आणि यंत्रे

यासाठी दोन मार्ग काढले गेले. पहिला, चित्रफीत पाहून गुण देण्याचा. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था प्रत्येक डावातील प्रत्येक गड्याला उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी गुण देते. यात भिंतीतल्या गड्याला स्वतःच्या नावाचा आकडा मिळाला. पण गुण देणाऱ्याला त्या डावात कोणी कोणाला अडवायचे ठरले होते ते माहीत नसते. डावा गार्ड चुकला की टॅकलने त्याला चुकीची खूण केली? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. शिवाय दोन परीक्षकांचे गुण जुळतीलच असे नाही. म्हणून उत्तरपत्रिकांना नियामक लागतो, तसा येथेही दुसरा तपासणारा लागतो.

दुसरा मार्ग यंत्राचा. गेल्या दशकापासून एनएफएलच्या गड्यांच्या खांद्याच्या संरक्षक कवचात रेडिओलहरी पाठवणाऱ्या छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. कोणता गडी मैदानावर कोठे आहे, याची नोंद त्यांच्यामुळे सेकंदाला दहा वेळा होते. या नोंदींवरून ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या विश्लेषकांनी २०१८ मध्ये एक माप सुरू केले: गड्याने समोरच्याला निदान २.५ सेकंद रोखून धरले तर तो जिंकला. चेंडू सुटला की नाही, क्वार्टरबॅक पडला की नाही, याच्याशी या मापाचा थेट संबंध नाही. क्वार्टरबॅकच्या सवयीचा वाटा त्यातून बराचसा वेगळा झाला, हे या मापाचे मोठे यश. पण २.५ च का? २.४ सेकंदाला हरलेला आणि १.० सेकंदाला हरलेला, दोघेही येथे सारखेच नापास. ३५ गुणांच्या रेषेची सवय असलेल्या आपल्याला ही अडचण चांगली परिचयाची आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

प्रत्येक विद्यार्थ्याने चार नाणी घ्यावीत आणि ती एकदम उडवावीत. चारही छापे आले तर ‘सॅक’ लिहावे. याची संभाव्यता १/१६, म्हणजे ६.२५ टक्के, एनएफएलच्या प्रमाणाजवळची. प्रत्येकाने असे ३२ वेळा करावे. एका सामन्यात संघ साधारण एवढ्याच वेळा चेंडू फेकायला जातो. प्रत्येकाचे अपेक्षित सॅक दोन. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण पाच जणांकडे एकही सॅक नसेल आणि एक-दोघांकडे पाच किंवा अधिक असतील. आता मुलांना विचारा: शून्य सॅकवाल्याची भिंत सर्वांत मजबूत म्हणून त्याला बक्षीस द्यायचे का? नंतर सर्वांना पुन्हा ३२ वेळा नाणी उडवायला लावा आणि पहिल्या फेरीतले ‘सर्वोत्तम’ दुसऱ्या फेरीत कोठे पोचतात ते फळ्यावर मांडा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वर दिलेल्या दहा डावांचा गुणाकार स्वतः करावा आणि २.१ व २.२ या नोंदी ‘झाकलेले अपयश’ धरल्या तर उत्तर किती खाली येते ते काढावे.

मग चांगली भिंत ओळखायची कशी?

एका आकड्याने नाही, हे आतापर्यंत लक्षात आले असेल. सॅकचे प्रमाण काटेकोर आहे, पण त्यात क्वार्टरबॅक मिसळलेला आहे आणि योगायोग मोठा आहे. दबावाचे प्रमाण स्थिर आहे, पण ते डोळ्यांवर अवलंबून आहे. टिकण्याचा वेळ भिंतीच्या कामाच्या अधिक जवळ जातो, पण अर्धवट निरीक्षणांनी फसवतो. गड्याचे वैयक्तिक गुण न्याय्य वाटतात, पण मदत कोणाला मिळाली ते लपवतात. प्रत्येक मापाची चूक वेगळ्या दिशेची आहे. म्हणूनच तीन-चार मापे एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागली तर विश्वास ठेवावा. ती एकमेकांशी भांडू लागली तर आकडे बाजूला ठेवून चित्रफीत पाहावी आणि ती का भांडतात ते शोधावे.

आणि आणखी एक. थाइझमनच्या अपघातानंतरच्या काळात क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, त्याला न दिसणारी बाजू राखणाऱ्या डाव्या टॅकलचे मोल संघांना कळू लागले आणि पुढे त्याचे वेतन भिंतीतील इतरांच्या वर गेले. मायकल लुइस या लेखकाने २००६ मध्ये या बदलावर एक पुस्तकच लिहिले. न दिसणाऱ्या कामाची किंमत कळायला एका माणसाचा पाय मोडावा लागला. शाळेत, दवाखान्यात, रुळांवर असे काम रोज चालू असते आणि त्याचे मोजमाप कोणीतरी, कोणत्या तरी आकड्यावरून करीतच असते. तो आकडा समोर आला की आपण चार प्रश्न विचारायची सवय मुलांना लावू: छेदात काय आहे? वाट्याला काय आले होते? योगायोग किती? आणि जे मोजणीतून निसटले, ते कोठे गेले?